डोक्याचा मार आणि हाऊसचे गुण

गुडघा सुजला की सगळ्यांना दिसतो. कॉलरबोन मोडलं की हात गळ्यात अडकतो आणि डॉर्ममध्ये प्लास्टरवर सह्या करायला रांग लागते. पण डोक्याला मार लागून मेंदू आतल्या आत हादरला, तर बाहेरून काहीच दिसत नाही. रक्त नाही, सूज नाही, पट्टी नाही. मुलगा उठतो, शॉर्ट्सवरची माती झटकतो, "आय ॲम ओके सर" म्हणतो आणि परत खेळायला लागतो. टाळ्या पडतात. आपल्याकडे एवढं पुरतं.

मला हे पुरेसं वाटत नाही, म्हणून हा लेख. माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगतो. डोक्याला मार लागलेला कॅडेट पुन्हा कधी खेळणार, हे त्याने स्वतः ठरवू नये आणि त्याच्या हाऊस कॅप्टननेही ठरवू नये. आणि तो खरं बोलला म्हणून त्याच्या हाऊसचे गुण जाऊ नयेत. पहिलं वाक्य बहुतेकांना पटतं. दुसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

कन्कशन म्हणजे काय?

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. आपला मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोकं जोरात हललं किंवा गर्रकन फिरलं की मेंदूही आत हलतो, ताणला जातो. पेशींचं रासायनिक संतुलन बिघडतं. ते पूर्ववत करायला मेंदूला जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी त्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. म्हणून डोकं दुखतं, गरगरतं, उजेड सहन होत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही, चिडचिड होते, झोप बिघडते.

याबद्दल आपल्या डॉर्ममध्ये चार गैरसमज पक्के आहेत.

पहिला: बेशुद्ध पडला तरच कन्कशन. हे चूक आहे. कन्कशन झालेल्यांपैकी बहुतेक जण बेशुद्ध पडतच नाहीत.

दुसरा: डोक्यावर थेट मार लागला तरच कन्कशन. हेही चूक. कबड्डीत छातीला जोरात धडक बसली किंवा घोड्यावरून पाठीवर पडलं, तरी डोक्याला झटका बसतो आणि तेवढ्याने कन्कशन होऊ शकतं.

तिसरा: हेडगार्ड घातलं होतं, म्हणजे काही होणार नाही. हेडगार्डमुळे भुवई फुटत नाही, कान वाचतो. हेल्मेटमुळे कवटी वाचते. पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच. २०१३ साली जागतिक बॉक्सिंग संघटनेने वरिष्ठ पुरुषांच्या स्पर्धांतून हेडगार्ड काढून टाकलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर त्याशिवायच लढले. तो निर्णय बरोबर की चूक यावर वाद आहे. आपण मुलांनी हेडगार्ड घालायलाच हवं. पण ते घातलं म्हणजे मेंदू सुरक्षित, असं मात्र कोणी समजू नये.

चौथा: सीटी स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे काही झालं नाही. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दाखवतो. कन्कशनमध्ये बिघडतं ते पेशींचं काम, आणि त्याचा फोटो सीटीत येत नाही. स्कॅन स्वच्छ असूनही मुलाला तीन आठवडे धड वाचता येत नाही, असं होऊ शकतं.

"मी ठीक आहे" यावर का विश्वास ठेवू नये

कॅडेट खोटं बोलतो असं मला म्हणायचं नाही. त्याला स्वतःलाच कळत नसतं. ज्या मेंदूने सांगायचं की मी ठीक आहे, त्याच मेंदूला मार बसलेला असतो. ज्या घड्याळाला पाणी लागलंय त्यालाच वेळ विचारायची, तसं हे आहे.

क्रिकेटमधलं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. ऑगस्ट २०१९, लॉर्ड्सवर ॲशेसची कसोटी. जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर, कानाच्या खाली बसला. तेव्हा तो ८० धावांवर होता. त्याला बाहेर नेलं, तपासण्या केल्या, त्या तो पास झाला, परत फलंदाजीला आला आणि ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याला त्रास जाणवू लागला. मग डॉक्टरांनी त्याला सामन्यातून बाहेर काढलं आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. कसोटी क्रिकेटमधला तो पहिला कन्कशन सब्स्टिट्यूट. म्हणजे जगातले उत्तम डॉक्टर हजर होते, तपासणी झाली होती, तरी लक्षणं दुसऱ्या दिवशी आली. आपल्या ग्राउंडवर दोन मिनिटांत "ठीक आहे" कसं ठरतं?

पुढचाही भाग महत्त्वाचा आहे. स्मिथ त्यानंतरची लीड्सची कसोटी खेळला नाही. त्याच्या पुढच्या कसोटीत, मँचेस्टरला, परत आला आणि २११ धावा काढल्या. थांबल्यामुळे त्याचा खेळ संपला नाही.

आपल्या देशातलं उदाहरण जास्त दुःखद आहे. भारताकडून कसोटी आणि एकदिवसीय सामने खेळलेले रमण लांबा फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात एक क्लब सामना खेळत होते. फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभे असताना चेंडू त्यांच्या डोक्याला लागला. ते स्वतःच्या पायांनी ड्रेसिंग रूमपर्यंत चालत गेले. नंतर त्यांची प्रकृती बिघडत गेली आणि काही दिवसांत ते गेले. त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो साध्या कन्कशनपेक्षा वेगळा आणि जास्त गंभीर प्रकार. पण मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला हे दोन्ही सुरुवातीला सारखेच दिसतात. चालत गेला म्हणजे वाचला, असं नसतं.

आपल्या वयाला धोका जास्त

ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड नावाचा १३ वर्षांचा मुलगा शाळेकडून अमेरिकन फुटबॉल खेळत होता. पहिल्या हाफच्या शेवटी त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. तो थोडा वेळ बाहेर बसला आणि दुसऱ्या हाफमध्ये परत खेळायला उतरला. सामना संपल्यावर तो मैदानाजवळच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया करून तो वाचला, पण बोलणं, खाणं, उभं राहणं सगळं त्याला नव्याने शिकावं लागलं. २००९ साली त्या राज्याने त्याच्या नावाने कायदा केला: शंका आली तरी त्या मुलाला लगेच बाहेर काढायचं आणि पात्र वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत खेळवायचं नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत असे कायदे झाले.

पहिला हादरा बरा होण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित मेंदूला अचानक सूज येते आणि काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. हे दुर्मीळ आहे, पण ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांतले बहुतेक जण किशोर किंवा तरुण होते. एवढं टोक गाठलं नाही, तरी दुसऱ्या हादऱ्यातून बरं व्हायला पहिल्यापेक्षा जास्त दिवस लागू शकतात. मोठी माणसं साधारण दहा ते चौदा दिवसांत बरी होतात, आपल्या वयाच्या मुलांना चार आठवड्यांपर्यंत लागू शकतात. आपल्याला वाटतं, आपण लहान म्हणून लवकर बरे होऊ. मेंदूच्या बाबतीत उलटं आहे.

आमच्या डॉर्ममध्ये काय घडलं

ही गोष्ट माझ्या बंकमेटची आहे. त्याची परवानगी घेऊन लिहितोय. नाव लिहू नकोस एवढंच त्याने सांगितलं.

गेल्या वर्षीची इंटर-हाऊस बॉक्सिंग, सेमीफायनल. दुसऱ्या राउंडला त्याच्या कानशिलावर राइट हुक बसला. रेफ्रींनी आठपर्यंत मोजलं, त्याने ग्लोव्ह्ज वर केले, बाउट पूर्ण केली आणि जिंकला. हाऊसने त्याला खांद्यावर उचललं. रात्री मेसमध्ये तो पोळी नुसती कुस्करत बसला. ट्यूबलाइट डोळ्यांत जातेय म्हणाला. लाइट्स आउटनंतर त्याने मला खालच्या बंकवरून विचारलं, "कल फॉल-इन कितने बजे है?" मी सांगितलं. दहा मिनिटांनी तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खाली उतरलो आणि मॅट्रनना उठवलं. त्याच रात्री त्याला एम.आय. रूममध्ये नेलं, सकाळी शहरातल्या हॉस्पिटलमध्ये. स्कॅन नॉर्मल आला. कन्कशन आहे, बॉक्सिंग बंद, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

फायनल दोन दिवसांवर होती. त्याच्या वजनगटात आमच्या हाऊसला वॉकओव्हर द्यावा लागला आणि ट्रॉफी दोन गुणांनी गेली. पुढचा आठवडाभर मी मेसच्या रांगेत उभा राहिलो की मागून आवाज यायचा, "मराठे ने ट्रॉफी डुबो दी." मी मराठा की कोण याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. महाराष्ट्राबाहेरच्या शाळेत आपण सगळेच "मराठे" असतो. माझा बंकमेट स्वतः नऊ दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचे वडील हवालदार म्हणून निवृत्त झालेत. बॉक्सिंगचं गोल्ड त्याने त्यांना फोनवर आधीच कबूल करून टाकलं होतं.

त्या नऊ दिवसांत फिजिक्सचं एकच पान तो पुन्हा पुन्हा वाचायचा. प्रेपमध्ये डोकं धरून बसायचा. युनिट टेस्टला बसला नाही. पूर्ण बरा व्हायला त्याला चार आठवडे लागले.

मला ज्यांनी बोल लावले त्यांच्यावर माझा राग नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही दोन गुण दिसले असते. म्हणून माझं म्हणणं आहे की दोष मुलांच्या स्वभावात शोधू नका, गुणतक्त्यात शोधा. आपण मुलाला सांगतो, "त्रास झाला तर लगेच सांग," आणि सांगितल्यावर त्याच्या हाऊसचे गुण कापतो. पंधरा वर्षांचा मुलगा पोस्टरपेक्षा गुणतक्ता जास्त लक्ष देऊन वाचतो.

"फौजेत असं चालत नाही"

या विषयावर बोललं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: फौजेत असे लाड चालत नाहीत. शत्रू काही तुझ्या डोकेदुखीसाठी थांबणार नाही.

या आक्षेपाचं मी नीट उत्तर देऊ इच्छितो, कारण मलाही फौजेतच जायचं आहे.

एनसीसी फायरिंगला जाण्याआधी उस्ताद पहिला धडा सुरक्षेचा देतात. रेंजवर काही धोकादायक दिसलं, तर दिसेल त्याने "स्टॉप" ओरडायचं. त्यासाठी रँक लागत नाही. सगळ्यात ज्युनिअर कॅडेट ओरडला तरी फायरिंग थांबतं आणि त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. रायफलमध्ये बिघाड वाटला तर ती बाजूला ठेवतात, आर्मरर तपासतो, मगच ती परत फायरिंगला येते. "मी ठीक आहे" असं रायफलला विचारून कोणी ठरवत नाही. मग जी काळजी आपण रायफलची घेतो, ती रायफल चालवणाऱ्या डोक्याची का नको?

खऱ्या युद्धातलं उदाहरणही आहे. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकन सैनिक स्फोटांच्या जवळ असायचे, बाहेरून जखम नसायची, आणि तरी नंतर त्यांना त्रास व्हायचा. २०१० साली त्यांच्या संरक्षण खात्याने नियम केला: स्फोटाच्या ५० मीटरच्या आत असलेल्या सैनिकाची तपासणी व्हायची आणि त्याला २४ तास विश्रांती मिळायची. तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी. जे सैन्य प्रत्यक्ष युद्ध लढत होतं त्याला चोवीस तास काढता आले. आपल्याला इंटर-हाऊससाठी काढता येत नाहीत, हे मला पटत नाही.

दुसरी भीती जास्त खोल आहे आणि ती दबक्या आवाजात बोलली जाते: एम.आय. रूमच्या रजिस्टरमध्ये डोक्याची नोंद झाली की एनडीएचं मेडिकल गेलं. या भीतीमुळे किती जण गप्प बसतात ते डॉर्ममध्ये राहणाऱ्यालाच माहीत. माझा विचार असा आहे. वेळेवर सांगितलेलं आणि पूर्ण बरं झालेलं कन्कशन ही मागे पडलेली गोष्ट असते. पण फिट्स येऊ लागल्या, तर ते कोणत्याही मेडिकलमध्ये लपत नाही. आणि असलं मोठं नुकसान व्हायची शक्यता कशाने वाढते? लपवून पुन्हा रिंगमध्ये उतरल्याने. नोंदीला घाबरून मेंदू पणाला लावायचा, हा हिशेबच उलटा आहे.

परत कसं यायचं

काही जणांना वाटतं, कन्कशन म्हणजे अंधाऱ्या खोलीत महिनाभर झोपून राहायचं. तसं नाही. खेळातल्या कन्कशनवर काम करणारे जगभरातले तज्ज्ञ दर काही वर्षांनी एकत्र येऊन सूचना काढतात. त्यांची २०२२ ची परिषद ॲम्स्टरडॅमला झाली आणि सूचना २०२३ मध्ये छापून आल्या. त्यांनी खेळात परतण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. आपल्या शाळेच्या भाषेत त्या अशा:

१. पहिले एक-दोन दिवस आराम, पण पूर्ण अंथरुणात नाही. मेसपर्यंत चालणं, मित्रांशी गप्पा चालतील. टीव्ही रूम आणि कॉम्प्युटर लॅब नको.
२. हलका व्यायाम. आधी भरभर चालणं किंवा जागेवरची सायकल, नंतर सावकाश जॉगिंग.
३. आपल्या खेळाचा सराव, पण एकट्याने. हॉकीवाल्याने एकट्याने ड्रिबल करावं, बॉक्सरने फूटवर्क करावं. डोक्याला धक्का लागेल असं काही नाही.
४. टीमबरोबर सराव, पण धडक नाही. इथे पोहोचण्याआधी सगळी लक्षणं पूर्ण गेलेली हवीत, आणि ती व्यायामानंतरही परत यायला नकोत.
५. डॉक्टरांची परवानगी, आणि मग पूर्ण सराव, धडकेसह.
६. सामना.

प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. पहिल्या तीन पायऱ्यांवर त्रास बराच वाढला तर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचा; त्यापुढच्या पायऱ्यांवर लक्षणं परत आली तर तिसऱ्या पायरीवर परत यायचं. वर्गातही तसंच हळूहळू परतायचं: आधी थोडे तास, मग पूर्ण दिवस, मग परीक्षा. जो मुलगा अजून पूर्ण दिवस वर्गात बसू शकत नाही तो रिंगमध्ये उतरू शकत नाही, हे तर सांगायलाच नको.

आपल्यासारख्या शाळेत यात एक गोष्ट जोडावी लागेल. खेळ बंद म्हणजे फक्त गेम्स पिरियड बंद, असं नाही. ऑबस्टॅकल, घोडेस्वारी आणि शिक्षा म्हणून मारायला लावलेले फ्रंट रोल, हे सगळं बंद. फ्रंट रोल मारताना मेंदूला हे खेळ आहे की शिक्षा, ते कळत नाही.

काही लक्षणं दिसली तर पायऱ्यांचा विचार नंतर, आधी हॉस्पिटल. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, फिट येणं, शुद्ध हरपणं, एकाचे दोन दिसणं, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, मान दुखणं, वाढत जाणारा गोंधळ किंवा विचित्र वागणं. मान दुखत असेल तर त्याला उचलून खांद्यावर घेऊ नका. जाणकार येईपर्यंत आहे तसाच राहू द्या. आणि डोक्याला मार लागलेल्याला पहिले काही तास एकटं सोडू नका, डॉर्ममध्ये झोपायला तर नाहीच.

गुणांचं काय?

आता मूळ मुद्द्यावर येतो. क्रिकेटने २०१९ मध्ये हा प्रश्न कसा सोडवला? त्यांनी खेळाडूंना धैर्यावर भाषण दिलं नाही. त्यांनी बदली खेळाडू दिला. डोक्याला मार लागलेला बाहेर गेला तरी संघ अकरा जणांचाच राहतो. खरं बोलण्याची किंमत संघाला मोजावी लागत नाही, म्हणून खरं बोलणं सोपं होतं.

यावर लगेच कोणी म्हणेल, मग हाऊस कॅप्टन याचा फायदा घेतील. क्रिकेटमध्येही हा आरोप झाला. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराच्या टी-ट्वेंटीत रवींद्र जडेजाच्या हेल्मेटला चेंडू लागला. त्याच्या जागी युजवेंद्र चहल आला, त्याने तीन बळी घेतले आणि तोच सामनावीर ठरला. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक सामन्याच्या मध्येच मॅच रेफ्रींशी वाद घालताना दिसले. तरीही नियम राहिला, कारण एखादा फायदा घेईल या भीतीपेक्षा एखादा मरेल ही भीती मोठी आहे. शिवाय आपल्याकडे यावर सोपा उपाय आहे. ज्याच्या नावावर बदली घेतली, तो सहाही पायऱ्या पूर्ण करेपर्यंत कशातच खेळणार नाही. एका सामन्याच्या फायद्यासाठी आपला चांगला खेळाडू दोन-तीन आठवडे बाहेर बसवणारा कॅप्टन मी तरी पाहिलेला नाही.

बॉक्सिंगमध्ये बदली खेळाडू देता येत नाही, हे मान्य. पण गुण देता येतात. तिथे तर मोठ्या स्पर्धांचे नियम आपल्यापेक्षा कडक आहेत. डोक्यावरच्या ठोशांमुळे नॉकआउट झालेल्या किंवा बाउट थांबवावी लागलेल्या बॉक्सरला ठरावीक काळ रिंगबाहेर राहावंच लागतं, त्याची इच्छा असो वा नसो. तिथे कोणी त्याला कामचुकार म्हणत नाही.

दोन विनंत्या

पालकांना आधी सांगतो, कारण मासिकातलं हेच पान माझी आई आणि आजी वाचतात. रविवारच्या फोनवर आपण विचारता, "मेडल मिळालं का?" त्याबरोबर एक प्रश्न जोडा: "डोक्याला काही लागलं का, आणि लागलं तेव्हा खेळ थांबवला का?" मुलगा "काही नाही गं" म्हणेल. मग विचारा, झोप लागते का, वाचताना डोकं दुखतं का, मेसमधला गोंगाट सहन होतो का. याची उत्तरं त्याला इतक्या सहज टाळता येत नाहीत. आणि थांबला म्हणाला तर शाबासकी द्या. मेडलइतकीच.

दुसरी विनंती आपल्या स्पोर्ट्स ऑफिसर सरांना, सर्व हाऊस मास्टर सरांना आणि उस्तादांना. इंटर-हाऊसची नियमावली दरवर्षी सत्राच्या सुरुवातीला लागते. तिच्यात दोन वाक्यं वाढवावीत. मी ती लिहून पाहिली आहेत, भाषा आपण सुधारावी:

"डोक्याला मार लागल्याची शंका आल्यास, ती रेफ्री, कोच, प्रतिस्पर्धी किंवा कोणत्याही कॅडेटने दाखवली तरी, तो कॅडेट त्या दिवशी खेळणार नाही आणि मेडिकल ऑफिसरच्या लेखी परवानगीशिवाय परतणार नाही."

"अशा कॅडेटच्या जागी सांघिक खेळात बदली खेळाडू मिळेल, वैयक्तिक खेळात त्याच्या हाऊसला प्रतिस्पर्ध्याइतकेच गुण मिळतील."

दुसऱ्या वाक्याशिवाय पहिलं वाक्य कागदावरच राहील. बॉक्सिंगचं ड्रॉ निघायच्या आधी दोन्ही वाक्यं नोटीस बोर्डवर लागली, तर यंदा रात्री मॅट्रनना उठवायला जाणाऱ्या मुलाला मेसच्या रांगेत मागे वळून पाहावं लागणार नाही.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी